कानातील क्रमांक आणि कळपाचे दप्तर

कळपाचे दप्तर म्हणजे एखाद्या पशुपालकाच्या, गोशाळेच्या किंवा दुग्धव्यवसायाच्या ताब्यातील प्रत्येक जनावराची ओळख, त्याचा जन्म किंवा खरेदी, त्याचे लसीकरण व उपचार, वेतांचा क्रम आणि शेवटी त्याची विक्री किंवा मृत्यू यांची तारीखवार नोंद होय. हे दप्तर वहीत असो की संगणकात, तपासणीला आलेला अधिकारी मुळात दोन गोष्टी पडताळून पाहतो : गोठ्यात उभे असलेले प्रत्येक जनावर दप्तरात सापडते काय, आणि दप्तरात जिवंत दाखवलेले प्रत्येक जनावर गोठ्यात सापडते काय. पहिल्या पडताळणीत तफावत निघाली तर जनावर कोठून आले असा प्रश्न उभा राहतो आणि दुसरीत निघाली तर ते कोठे गेले असा. दप्तराची विश्वासार्हता या दोन्ही बाजूंच्या मेळावर अवलंबून असते, आणि संगणक हा मेळ घालण्याचे काम सोपे करीत असला तरी तो स्वतःहून घालू शकत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील केळापूर तालुक्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. पांढरकवडा हे मुख्यालय असलेल्या या कापूसपट्ट्यात बैल हे अजूनही शेतीचे साधन आहे आणि गावची बरीच गुरे गायक्याच्या किंवा ढोरक्याच्या, म्हणजे गुराख्याच्या, हवाली होऊन दिवसभर मोकळी चरतात. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ तालुक्याच्या मधून जातो आणि पाटणबोरी, पिंपळखुटी ओलांडून पैनगंगेपलीकडे तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. केळापूर व घाटंजी या दोन तालुक्यांत पसरलेले, १४८.६३ चौरस किलोमीटर क्षेत्राचे टिपेश्वर अभयारण्य असून तेथील वाघांचा वावर चराईच्या क्षेत्रापर्यंत येतो. म्हणजे मोकळी चराई, राज्याची सीमा आणि वाघाचे जंगल या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात, आणि तिन्ही ठिकाणी ‘हे जनावर कोणाचे’ हे कागदोपत्री सिद्ध करण्याची वेळ पशुपालकावर येते.

वर्णनापासून क्रमांकापर्यंत

जनावराची कागदोपत्री ओळख ही काही संगणकयुगाची देणगी नाही. बैलबाजारात सौदा ठरला की मिळणाऱ्या पावतीत आणि गावपातळीवरच्या दाखल्यात जनावराचे वर्णन लिहिण्याची पद्धत जुनी आहे. रंग, शिंगांची ठेवण, अंगावरचे भोवरे, डागल्याच्या खुणा आणि दात ही या वर्णनाची अंगे होत. दातांवरून वय ठरवण्याची रीत बऱ्यापैकी शास्त्रशुद्ध आहे. दुधाचे दात असलेले जनावर अदंत म्हणवते, साधारण दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे पहिले दोन कायमचे दात आले की ते दोन दाती होते, त्यापुढे चार दाती, सहा दाती असे टप्पे जात चार-पाच वर्षांच्या दरम्यान ते जुळते. मात्र अशा वर्णनाची मर्यादाही उघड आहे. ‘पांढरा बैल, सहा दाती, शिंगे मागे वळलेली’ हे वर्णन एका गावातच अनेक बैलांना लागू पडू शकते, शिवाय वर्षभरात दात बदलले की जुन्या पावतीतील वर्णन त्याच बैलाला लागू पडेनासे होते. नाकाच्या पुढील ओलसर भागावरील रेषा प्रत्येक जनावरात वेगळ्या असतात हे १९२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळे त्या पद्धतीकडे आता पुन्हा लक्ष गेले आहे, परंतु रोजच्या व्यवहारात डोळ्यांनी वाचता येणारा क्रमांक हाच सर्वांत सोयीचा ठरला.

भारतात हा क्रमांक बारा अंकी असून तो पिवळ्या प्लास्टिकच्या बिल्ल्यावर बारकोडसह छापलेला असतो. बिल्ल्याला सरकारी भाषेत ‘इअर टॅग’ आणि बोलण्यात बिल्ला किंवा जनावराचा आधार म्हणतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने विकसित केलेल्या ‘इनाफ’ या संगणकीय प्रणालीत या क्रमांकाशी जनावराची जात, लिंग, वय, मालक व गाव जोडण्यास सुरुवात झाली. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथे लाळ्या खुरकत आणि सांसर्गिक गर्भपात अर्थात ब्रुसेलोसिस या दोन रोगांविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून लसीकरण आणि बिल्ला यांची सांगड पक्की झाली, कारण ज्या जनावराला ओळखच नाही त्याला लस दिली होती की नाही हे सहा महिन्यांनी सांगता येत नाही. पुढे ‘इनाफ’ची जागा ‘भारत पशुधन’ या प्रणालीने घेतली आणि २ मार्च २०२४ रोजी बेगुसराय येथील कार्यक्रमात ती राष्ट्राला अर्पण करण्यात आली.

महाराष्ट्र शासनाने याच काळात एक पाऊल पुढे टाकले. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांची बाजार समित्या, आठवडी बाजार व गावोगावी होणारी खरेदी-विक्री आणि वाहतूक यांवर निर्बंध आले. बिल्ला नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातील सेवा मिळणार नाही, आणि नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्यप्राण्याचा हल्ला यांमुळे जनावर दगावल्यास नुकसानभरपाई देय राहणार नाही, असेही ठरले. जन्म-मृत्यूची नोंद, लसीकरण व प्रतिबंधात्मक औषधोपचार, वंध्यत्वावरील उपचार आणि मालकी हक्काचे हस्तांतर या बाबी प्रणालीत याव्यात अशी यामागील अपेक्षा आहे. या निर्णयामुळे जनावराची नोंद ही दवाखान्याची अंतर्गत बाब न राहता पशुपालकाच्या हक्काशी थेट जोडली गेली.

येथे पशुगणना आणि पशुनोंद यांतील फरक लक्षात घ्यायला हवा. भारतात पशुगणना १९१९ पासून होत आली असून २०१९ च्या विसाव्या गणनेत माहिती टॅब्लेट संगणकावर भरली गेली, तर एकविसावी गणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. गणना ही ठरावीक काळी गावात किती जनावरे होती एवढे सांगते. कोणते जनावर कोणाचे आणि ते कोठून कोठे गेले हे सांगणे तिचे काम नाही. तपासणीला लागते ती नोंद, आणि नोंद चालू ठेवावी लागते.

युरोपचा धडा

सरकारी तपासणीपुढे टिकणारे कळपाचे दप्तर कसे असावे, याचा सर्वांत कडक अभ्यास युरोपला करावा लागला. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांच्या मेंदूचा एक नवा रोग ओळखला गेला. तोच पुढे ‘मॅड काऊ’ या नावाने जगभर गाजला. मार्च १९९६ मध्ये या रोगाचा माणसातील एका प्राणघातक आजाराशी संबंध असण्याची शक्यता ब्रिटिश सरकारने जाहीर करताच युरोपीय समुदायाने ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी घातली. रोगी जनावर कोणत्या गोठ्यात जन्मले आणि त्याच्याबरोबर तेच खाद्य खाल्लेली इतर जनावरे आता कोठे आहेत, हे शोधण्याची विश्वासार्ह सोय नसणे ही त्या संकटातील मोठी अडचण होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये जुलै १९९६ पासून प्रत्येक नव्या वासराला पासपोर्ट म्हणजे ओळखपत्र आणि सप्टेंबर १९९८ पासून केंद्रीय संगणकीय नोंदवही आली.

युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमावलीने ही व्यवस्था चार खांबांवर उभी केली : दोन्ही कानांत एकाच क्रमांकाचे बिल्ले, संगणकीय माहितीसाठा, जनावराचा पासपोर्ट आणि प्रत्येक गोठ्यावर ठेवायची नोंदवही. ही नोंदवही हाताने लिहिलेली किंवा संगणकीय असू शकते आणि मागणी होताच ती तपासणी अधिकाऱ्यापुढे ठेवावी लागते. चार खांबांचे मर्म असे की तीच माहिती वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हातांनी लिहिली जाते आणि एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीवरून उघडी पडते. भारतीय पद्धतीत एका कानात एकच बिल्ला आणि एक केंद्रीय माहितीसाठा आहे. बिल्ला झुडपात अडकून तुटला की कानावर दुसरा पुरावा उरत नाही, आणि केंद्रीय साठ्यात चूक झाली तर ती पकडणारी दुसरी वही बहुतेक गोठ्यांत नसते. म्हणूनच शासनाच्या प्रणालीत नोंद झालेली असली तरी पशुपालकाने, निदान दहा-वीस जनावरांच्या वर कळप असलेल्याने, आपले स्वतंत्र दप्तर ठेवणे हिताचे ठरते. या प्रकरणात पुढे जे सांगितले आहे ते अशा गोठ्यावरच्या संगणकीय दप्तराविषयी आहे.

दोन याद्या : जनावरांची आणि घटनांची

विश्वासार्ह दप्तराची रचना साधी असते. त्यात मुख्यतः दोन याद्या लागतात. पहिली जनावरांची यादी. तिच्यात प्रत्येक जनावराला एक ओळ आणि त्या ओळीत बिल्ल्याचा क्रमांक, प्रकार (गाय, बैल, म्हैस, कालवड, गोऱ्हा, वगार), जात, रंग व ठळक खुणा, जन्मतारीख किंवा अंदाजे वय, आईचा क्रमांक माहीत असल्यास तो, आणि ते कळपात कसे व केव्हा आले ही माहिती असते. दुसरी घटनांची यादी. तिच्यात लसीकरण, जंतनाशक, कृत्रिम रेतन, गर्भतपासणी, वेणे, आटणे, आजार, उपचार, खरेदी, विक्री, मृत्यू आणि बिल्ला बदलणे अशी प्रत्येक घटना स्वतंत्र ओळीत, तारखेसह आणि क्रमांकासह येते. पहिल्या यादीतील मजकूर क्वचित बदलतो, तर दुसरीत सतत भर पडते. दोन्हींची सरमिसळ करून एकाच तक्त्यात जुनी माहिती पुसून नवी लिहिण्याची सवय लागली की जनावराचा इतिहास नाहीसा होतो आणि तपासणीत विचारलेल्या ‘मागच्या पावसाळ्यात या गाईला लस दिली होती का’ यासारख्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

घटनांच्या यादीत दोन तारखा ठेवणे अगत्याचे असते : घटना घडल्याची तारीख आणि नोंद केल्याची तारीख. वासरू सोमवारी जन्मले आणि वीज नसल्यामुळे किंवा मोबाइलला रेंज नसल्यामुळे नोंद शुक्रवारी झाली, तर दोन तारखांतील फरक हा काही दोष ठरत नाही. उलट, तो मोकळेपणाने दिसत असल्यामुळे दप्तरावर विश्वास बसतो. एकच तारीख ठेवून नोंद मागच्या दिवसाची दाखवली, आणि महिन्याभराच्या सर्व नोंदी एकाच संध्याकाळी भरल्याचे संगणकाच्या आतील वेळेवरून निघाले, तर मात्र खऱ्या नोंदींवरही संशय येतो.

कळपाचा हिशेब जमाखर्चासारखा जुळवता येतो. सुरुवातीची संख्या, अधिक जन्म व खरेदी, उणे विक्री व मृत्यू, बरोबर शेवटची संख्या. पण केवळ संख्येचा मेळ किती फसवा असतो हे एका काल्पनिक हिशेबावरून दिसेल. १ एप्रिल रोजी एका गोठ्यात १४ जनावरे आहेत. वर्षभरात २ वासरे जन्मली, एक बैलजोडी म्हणजे २ बैल विकत घेतले, ३ जनावरे विकली आणि १ दगावले. वर्षाअखेर संख्या पुन्हा १४ येते. गोठा मोजणाऱ्याला काहीच बदललेले दिसणार नाही, प्रत्यक्षात मात्र कळपात आठ बदल झालेले आहेत आणि त्यांतील प्रत्येक बदलामागे एक कागद असायला हवा : वासरांसाठी बिल्ला व जन्मनोंद, खरेदीसाठी पावती व हस्तांतर, विक्रीसाठीही तेच, आणि मृत्यूसाठी पशुवैद्यकाचा दाखला. म्हणून मेळ घालताना संख्या नव्हे, क्रमांकांची यादी जुळवायची असते. छापील यादी हातात घेऊन दावणीवरच्या प्रत्येक जनावराच्या कानातील क्रमांक वाचत टिक करत जायचे, हीच खरी तपासणी आणि ती अधिकारी येण्यापूर्वी मालकाने स्वतः करायची.

क्रमांक कोठे बिघडतो

दप्तरातील बहुतेक चुका क्रमांक लिहिताना होतात आणि त्या फार ठरावीक ठिकाणी होतात. चिखलाने माखलेला बिल्ला न पुसता वाचला की तीन आणि आठ, एक आणि सात यांची गल्लत होते. मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. बिल्ल्यावरचे अंक इंग्रजी असतात, टिपणवहीत मात्र अनेकजण देवनागरी अंक लिहितात, आणि घाईत लिहिलेला देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा तर देवनागरी चार हा इंग्रजी आठसारखा दिसतो; वही वाचून संगणकात क्रमांक भरणारी व्यक्ती वेगळी असेल तर चूक पक्की होते. यावर उपाय सोपा आहे : बिल्ल्याचा क्रमांक ज्या अंकांत छापला आहे त्याच अंकांत उतरवायचा, चार-चार अंकांचे तीन गट पाडून मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. बारकोड वाचणारा मोबाइल हाताशी असेल तर हा सगळा धोका टळतो, मात्र बिल्ला झिजलेला असल्यास बारकोडही वाचला जात नाही.

संगणकाच्या तक्त्यात याहून वेगळी चूक होते. नेहमीच्या तक्ता-प्रणालीत बारा अंकी क्रमांक भरला की ती त्याला मोठी संख्या समजते आणि रकान्यात दशांशचिन्ह व घातांक असलेले संक्षिप्त रूप दाखवते. त्या रूपात फाइल जतन करून दुसऱ्या कार्यक्रमात नेली की शेवटचे अंक कायमचे गमावण्याची शक्यता असते, आणि क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असल्यास तेही गळून पडते. बिल्ल्याच्या क्रमांकाची बेरीज कधी करायची नसते, म्हणून तो रकाना सुरुवातीलाच मजकूर म्हणून ठरवून ठेवावा लागतो. तारखांचेही तसेच आहे. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर ५ जून ही तारीख ६ मे म्हणून साठवली जाते. १३ तारखेपासून पुढच्या दिवशी संगणक अडतो म्हणून चूक कळते, पण महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत ती गुपचूप शिरते.

संगणकाकडून जी राखण करून घेता येते ती अशा ठिकाणी. माणसाच्या आधार क्रमांकात शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले तर क्रमांक लगेच अमान्य ठरतो. अशा अंकाला पडताळणी अंक म्हणतात. कळपाच्या दप्तरात क्रमांकाबरोबरच जीवशास्त्राचाही असा पहारा बसवता येतो. गाईचा गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा आणि म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो, म्हणून रेतनाच्या तारखेनंतर सहा महिन्यांत वेण्याची नोंद आली किंवा एकाच गाईची दोन वेते सात महिन्यांच्या अंतराने दिसली, तर संगणकाने ती नोंद अडवून विचारणा केली पाहिजे. बैलाच्या क्रमांकावर वेण्याची नोंद, विकलेल्या जनावराच्या क्रमांकावर लसीकरण, किंवा ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीऐवजी प्रौढ गाईला दिल्याची नोंद, या सर्व विसंगती यंत्राला एका क्षणात कळतात आणि वहीत वर्षानुवर्षे दडून राहतात.

दुरुस्ती, प्रती आणि पुरावा

चूक दुरुस्त करण्याची पद्धत हा दप्तराच्या विश्वासार्हतेचा कस असतो. जुन्या महसुली दप्तरात चुकीचा आकडा खोडून, वाचता येईल असा ठेवून, वर बरोबर आकडा लिहून सही करण्याची शिस्त होती; संगणकात मात्र जुना आकडा पुसून नवा भरला की काय बदलले याचा मागमूस राहत नाही. म्हणून चांगल्या प्रणालीत मूळ नोंद कायम राहते आणि दुरुस्ती ही नवी नोंद म्हणून जोडली जाते, तिच्यासोबत कोणी, केव्हा आणि का बदलले हेही राहते. बदलांच्या अशा साखळीला तपासमाग म्हणता येईल. बिल्ला हरवून नवा मारला तर हीच पद्धत लागू होते : जुना क्रमांक यादीतून काढून टाकायचा नसतो, तर नव्या क्रमांकाच्या ओळीशी जोडायचा असतो, अन्यथा दप्तरात एक जनावर बेपत्ता आणि एक जनावर अनोळखी अशा दोन तफावती एकाच वेळी तयार होतात.

वीज जाणे, मोबाइल पाण्यात पडणे, संगणक बिघडणे या गोष्टी गृहीत धरूनच दप्तराच्या प्रती ठेवायच्या असतात. एक प्रत रोजच्या यंत्रात, एक वेगळ्या यंत्रात किंवा पेनड्राइव्हवर आणि एक घराबाहेर, उदाहरणार्थ इंटरनेटवरील साठ्यात, अशी विभागणी पुरेशी ठरते. त्याशिवाय महिन्यातून एकदा जनावरांची यादी छापून तारीख व सही करून ठेवली तर पुढे कोणी संगणकातील मजकूर मागाहून बदलला असा आक्षेप घेतल्यास तो खोडून काढता येतो. प्रकरण न्यायालयात गेलेच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातील कलम ६३ नुसार संगणकीय नोंद पुरावा म्हणून सादर करताना ती कोणत्या यंत्रातून, कशी मिळाली याचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते. नोंद नियमितपणे, घटनेच्या जवळच्या काळात आणि ठरलेल्या व्यक्तीकडून होत असेल तर असे प्रमाणपत्र देणे अवघड जात नाही.

केळापुरातील तीन तपासण्या

तपासणी हा शब्द एकवचनी वाटला तरी प्रत्यक्षात वेगवेगळी खाती वेगवेगळ्या कारणांनी तेच दप्तर तपासतात. केळापूर तालुक्यात त्यांतील तीन विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली रस्त्यावरची. गोवंशाच्या कत्तलीला आणि त्यासाठी राज्याबाहेर होणाऱ्या वाहतुकीला मनाई करणारा सुधारित कायदा महाराष्ट्रात मार्च २०१५ मध्ये लागू झाल्यापासून महामार्गावर जनावरे नेणाऱ्या वाहनाकडे संशयाने पाहिले जाते, आणि सीमेजवळच्या तालुक्यात हा संशय अधिक गडद असतो. शेतीसाठी बैलजोडी घेऊन घरी निघालेल्या शेतकऱ्यालाही खरेदीची पावती, जनावर प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आणि बिल्ल्यांचे क्रमांक दाखवावे लागतात. येथे निर्णायक ठरते ते मालकीचे हस्तांतर. पावतीवर खरेदीदाराचे नाव आणि प्रणालीत अजून विक्रेत्याचे नाव, अशी स्थिती असेल तर बैल चोरीचा नाही हे पटवताना वेळ जातो आणि जनावरे वाहनात उभी राहतात. म्हणून सौदा झाला की बाजाराच्या ठिकाणीच हस्तांतराची नोंद करून घेणे हा यातला खरा धडा आहे.

दुसरी तपासणी रोगाची. जनावरांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ साली झालेला केंद्रीय कायदा रोगाची खबर देणे, लस दिलेल्या जनावरावर खूण करणे आणि बाधित क्षेत्रातील हालचाल रोखणे यांची तरतूद करतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरू झालेली लम्पी त्वचारोगाची साथ राज्यभर पसरली तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली आणि शासनाने दगावलेल्या गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० रुपये आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत जाहीर केली. अशा वेळी एखाद्या गावातील किती जनावरांना लस मिळाली आणि कोणती राहिली हे नोंदीवरूनच कळते, आणि गाय, बैल, वासरू यांतील रकमेचा फरक पाहता जनावराचा प्रकार व वय ही रकान्यातील क्षुल्लक माहिती राहत नाही.

तिसरी तपासणी जंगलाच्या कडेची. वाघाने गाय मारली की वनखात्याला तातडीने कळवावे लागते, पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवायचे नसते, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या अभिप्रायावरून बाजारभाव ठरतो. भरपाई या भावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल मर्यादा, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. पंचनाम्याच्या वेळी प्रत्यक्ष अडचण अशी येते की मारलेले जनावर काही अंशी खाल्लेले असू शकते आणि कान किंवा बिल्ला जागेवर नसतो. अशा वेळी मालकाच्या दप्तरात त्या गाईचा क्रमांक, समोरून व दोन्ही बाजूंनी काढलेले तारीखवार छायाचित्र, वेताचा क्रमांक आणि शेवटच्या लसीची नोंद असेल, आणि गोठ्यातील उरलेल्या सर्व जनावरांचे क्रमांक यादीशी जुळत असतील, तर बेपत्ता क्रमांक कोणता हे वजाबाकीने सिद्ध होते. दुधाळ, गाभण की भाकड यावर बाजारभाव बदलतो, आणि तेही ताज्या नोंदीखेरीज सांगता येत नाही. या एका प्रसंगात वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक शिस्तीची किंमत रुपयांत मोजली जाते. विम्याच्या व्यवहारातही हेच तत्त्व चालते. बिल्ल्याविना दावा मान्य होत नाही.

नोंदीबाहेर राहणारे

दप्तराची ही शिस्त सर्वांना सारखीच जमेल असे मानणे चुकीचे ठरेल. तालुक्यातील कोलाम, गोंड, परधान कुटुंबांपैकी अनेकांची एक-दोन जनावरे असतात, त्यांच्या वस्त्या, म्हणजे पाडे आणि पोड, रस्त्यापासून आत असतात आणि मोबाइल घरटी एक असला तरी त्याचा क्रमांक रिचार्ज न झाल्यामुळे बदलत राहतो. प्रणालीत जुना क्रमांक नोंदलेला असेल तर मालकाशी संपर्कच होत नाही. बटईने किंवा अर्धेलीने जनावर सांभाळण्याच्या पद्धतीत मालक एका गावात आणि गाय दुसऱ्या गावात असते, आणि नोंद कोणाच्या नावावर करायची हे ठरलेले नसते. मुलीच्या लग्नात दिलेली गाय, वाटणीत भावाकडे गेलेला बैल यांची पावती कोणी करीत नाही. अशा कुटुंबांसाठी संगणकीय दप्तराचा अर्थ गावपातळीवर एक सामाईक यादी असा घ्यावा लागेल. लसीकरणाची फेरी सहा महिन्यांनी येते. त्याच दिवशी पशुधन पर्यवेक्षकाने ग्रामपंचायतीत गावाची छापील यादी लावून, हरवलेले बिल्ले, बदललेले मालक, नवे मोबाइल क्रमांक आणि दगावलेली जनावरे यांची दुरुस्ती करून घेतली, तर लहान मालकालाही वर्षातून दोनदा अद्ययावत नोंद मिळते. गायकी रोज सर्व गुरे डोळ्यांखालून घालतो, त्यामुळे बिल्ला गळालेले जनावर सर्वप्रथम त्याच्या लक्षात येते. त्याला या कामात सहभागी करून घेणे कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

कळपाचे दप्तर विश्वासार्ह ठेवण्याचे काम अखेर तीन सवयींवर येऊन ठेपते. घटना घडताच तिची नोंद करणे, चूक न पुसता तिच्याशेजारी दुरुस्ती लिहिणे, आणि ठरावीक काळाने यादी घेऊन प्रत्येक कानापाशी जाणे. यांतील पहिल्या दोन सवयींना संगणकाची मोठी मदत होते. तिसरीसाठी मात्र गोठ्यातच जावे लागते, आणि ती सवय ज्याने लावून घेतली त्याला तपासणीच्या दिवशी वेगळी तयारी करावी लागत नाही.